उजळणी प्रशिक्षणाला निघालेय. परत आल्यावर तुमच्या वर्कशॉपमध्ये नेमकं काय बदललं?

वीजतंत्री_विदर्भ

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाला शिल्पनिदेशक आहे. नोकरीला नऊ वर्षं झाली. सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम) करून थेट इथेच लागले, त्यामुळे कारखान्याचा अनुभव म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं एक वर्ष, तेवढाच. परवा कार्यालयात पत्र आलं. दोन आठवड्यांच्या उजळणी प्रशिक्षणासाठी माझं नाव लागलंय. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

माझ्याकडे दुसऱ्या वर्षाची वीस जणांची तुकडी आहे, त्यात सात मुली. परीक्षा अडीच महिन्यांवर आलीय. माझी तुकडी शेजारचे सर सांभाळतील, पण मग त्यांच्याकडे एकाच वेळी चाळीस मुलं होतात. घरी मुलगी पाच वर्षांची. सासूबाई म्हणाल्या, "जा तू, मी बघते." म्हणजे जायचं तर ठरलंय. पण इतक्या जणांवर भार टाकून जायचं, तर रिकाम्या हाताने परत येऊ नये असं फार वाटतं.

मागे आमच्याकडचे एक सर असेच जाऊन आले. प्रमाणपत्र आलं, पेन ड्राईव्ह भरून पीपीटी आल्या. वर्कशॉपमध्ये मात्र काही हललं नाही. त्यांना दोष देत नाही, कारण अडचण मला दिसते. तिथे नवे पॅनल, नवे ड्राईव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारी उपकरणं), सर्व्हो वगैरे दाखवतात. आमच्याकडे पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) एक ट्रेनर, एक ड्राईव्ह आणि बाकी माझ्या वयाच्या मोटरी. नवं पाहून येऊन जुन्यावर शिकवायचं काय?

दुसरी भीती मायक्रो टीचिंगची. दहा-बारा राज्यांतल्या निदेशकांसमोर हिंदीतून पाठ घ्यावा लागतो म्हणे. माझं सगळं शिकवणं मराठीतून, त्यातही वऱ्हाडी वळणाचं.

जे जाऊन आलेत त्यांनी कृपा करून एवढंच सांगावं : परत आल्यावर तुमच्या वर्गात खरोखर काय बदललं? आणि ते बदलायला तिथे तुम्ही काय केलं होतं?

जोडारी_पंचगंगा

मॅडम, अभिनंदन. आधी सामानाचं सांगतो. बॉयलर सूट, सेफ्टी शूज घरूनच न्या, तिथले मापाचे मिळत नाहीत. स्वतःचा मल्टिमीटर, टेस्टर, स्ट्रिपर, क्रिम्पिंग टूल न्या. हाताला ओळखीचं हत्यार असलं की पहिल्या दिवशी परकेपणा कमी वाटतो. होस्टेलच्या कपाटाला कुलूप लागेल.

हिंदीची काळजी सोडा. आमच्या वेळी तमिळनाडूचे एक सर होते, त्यांना हिंदी जेमतेम चार वाक्यं यायची. त्यांनी फायलिंगचा (कानशीने घासायचा) पाठ जवळजवळ न बोलता घेतला आणि तोच सगळ्यांत चांगला ठरला. वाकून फाइलच्या दोन्ही टोकांवर हात ठेवले, दाब कसा पुढे सरकतो ते एकेका स्ट्रोकला थांबून दाखवलं. चौकोनी पट्टीवर ट्रायस्क्वेअर (गुण्या) ठेवून उजेडाकडे धरली. एवढ्यावर सगळ्यांना समजलं.

जाण्याआधी भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावरून आपला अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि जिथे दरवर्षी गाडी अडते तिथे खुणा करा. निमी या सरकारी संस्थेची आयटीआयची मराठी पुस्तकंही चाळा. पीपीटी तिथे मिळतातच. अडलेली जागा मात्र आपल्यालाच ठाऊक असते.

कातारी_१२

मी थोडं वेगळं सांगतो, मॅडमना नाउमेद करायचं म्हणून नाही. माझे दहा दिवस एका सभागृहात गेले. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, पडद्यावर स्लाइड. सीएनसीवर दहा दिवसांत मिळून मला चाळीस मिनिटं मिळाली, कारण मशीन एक आणि आम्ही बावीस. संस्थेचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांनी आपल्या परीने केलं असेल. पण मी परत आलो तो रागावूनच. घरी बायकोला दवाखान्यात न्यायचं पुढे ढकलून गेलो होतो.

आता वाटतं, तिसऱ्या दिवशी उठून मी विचारायला हवं होतं की संध्याकाळी दोन तास वर्कशॉप उघडं ठेवाल का. कुणीच विचारलं नाही. तुमच्याकडेही तसं निघालं तर पहिल्याच दिवशी विचारा, चार जण सोबत घेऊन विचारा.

संधाता_ऊसपट्टा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर लांबेल, पण पूर्ण लिहितो, कारण या प्रश्नाने माझी दोन वर्षं घेतली आहेत.

मी संधाता (वेल्डिंगचा) निदेशक, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याला, एकोणीस वर्षं. त्याआधी पाच वर्षं भोसरीच्या एका शेडमध्ये रॉड जाळले. म्हणजे हात बसलेला. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका संस्थेत दोन आठवड्यांसाठी गेलो तेव्हा मनात होतं की वेल्डिंगचं आपल्याला काय नवं सांगणार, सिम्युलेटर बघू, रोबो बघू, परत येऊ.

पहिल्या दिवशी ओळखी झाल्या आणि तिथल्या सरांनी काही न शिकवता आम्हा चौदा जणांना बूथमध्ये पाठवलं. प्रत्येकाला दहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आणि ३.१५ चे ई ६०१३ रॉड. टी जोड करा, आडवा फिलेट (कोपऱ्यातलं वेल्ड) मारा, मुलांना दाखवता अगदी तसाच मारा, एवढंच सांगितलं. माझा रन (वेल्डची रेघ) बघून शेजारच्या पंजाबच्या सरांनी पाठ थोपटली. खवल्यावर खवला बसावा तशा लाटा, कुठे अंडरकट (कडेची खाच) नाही, स्लॅग (वर जमणारी मळी) एका ठोक्यात सालीसारखा निघालेला.

दुपारी सरांनी सगळे जॉब पॉवर हॅकसॉवर मधोमध कापले. कापलेली बाजू पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर स्पिरिटमधलं नायट्रिक अॅसिड फिरवलं. थोड्या वेळात जोडाचं पोट उघडं पडलं. धातू कुठवर वितळून एकजीव झालाय आणि कुठे नुसता टेकलाय, सगळं दिसायला लागलं. माझ्या जॉबमध्ये कोपऱ्याच्या टोकापर्यंत धातू पोचलाच नव्हता. पट्टीची मूळ कड जशीच्या तशी होती आणि टोकाशी बारीक काळी पोकळी. चौदांपैकी सहा जॉब असे निघाले. सर कुणालाही काही बोलले नाहीत. प्रत्येकाच्या हातात त्याचा तुकडा दिला आणि एवढंच विचारलं, "तुमच्याकडे करंट किती ठेवता?"

तिथेच उलगडलं. आमचं मशीन जुनं, ट्रान्सफॉर्मरचं. दुपारी लाईनचं व्होल्टेज पडतं. नवी मुलं जास्त करंटवर पत्रा फोडतात. म्हणून नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी मी करंट उतरवला आणि पुढे तोच मला बरोबर वाटायला लागला. कमी करंटवर रॉड चिकटतो. चिकटू नये म्हणून आर्क लांब धरायची सवय लागली. लांब आर्कची उष्णता वर पसरते, मुळात उतरत नाही. वरून रन मात्र देखणा दिसतो. सहा मिलिमीटर पायाच्या फिलेटचा घसा (मुळापासून वरच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी) साधारण ४.२ असतो, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करून घेतो. मूळ सुटलेलं असेल तर तो ४.२ फळ्यावरच राहतो.

त्या रात्री झोप लागली नाही. तोवरच्या सतरा तुकड्या, दरसाल वीस मुलं. आमच्याकडची मुलं मोठ्या कारखान्यांत थोडी जातात, बाकीची गावात शेड टाकतात. गेट, ग्रिल, टाकीचे स्टँड. आणि ट्रॉल्या. हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शीग लावून रात्रभर रस्त्याने जात असतात. त्या ट्रॉलीचा ड्रॉबार, तिचा हुक जोडणारा हात मी शिकवलेला असू शकतो. आणि मी त्याला हे शिकवलं होतं.

दुसरा धक्का मायक्रो टीचिंगमध्ये. तुम्ही त्याला भिता, पण तिथली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे. दहा मिनिटांचा पाठ, समोर आपलेच सोबती प्रशिक्षणार्थी म्हणून बसलेले, एक जण मोबाइलवर शूटिंग करतो. मी आर्क चालू असताना अखंड बोलत होतो. तोंडासमोर धरलेल्या शील्डच्या आतून निघालेला आवाज, त्यावर आर्कची तडतड, त्यावर एक्झॉस्ट. व्हिडिओत माझं एक वाक्यही कळत नव्हतं. शिवाय माझ्या उजवीकडे उभे असलेल्यांना फक्त रॉडची पाठ दिसत होती. वितळलेलं डबकं आणि मागे थिजत जाणारी त्याची कड दिसायची तर माझ्या डाव्या खांद्यामागे यायला हवं. मी मात्र इतकी वर्षं वीस मुलांना अर्धगोलात उभं करत आलो, शील्ड चार. उरलेली सोळा तोंड फिरवून उभी राहायची आणि मी समजायचो, डेमो झाला.

आपल्या पाठ टाचणातले ते चार टप्पे, पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी, हे कुठून आले तेही मला तिथेच कळलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला जहाजं घाईने बांधायची होती आणि गोदीत कुशल माणसं पुरेनात. तेव्हा चार्ल्स अॅलन नावाच्या माणसाने कारागिरांनाच शिकवणारे बनवायला हे चार टप्पे बसवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नवी माणसं भरताना तीच पद्धत पुन्हा वापरली गेली. मी ते टप्पे तपासणीसाठी वहीत भरायचे रकाने समजत होतो. ते तर रिव्हेट मारणाऱ्या माणसाने शेजारच्या नवख्याला कसं दाखवावं याच्यासाठी होते. हे ऐकल्यापासून टाचण लिहिताना माझा हात वेगळा चालतो.

आता घरी आल्यावरचं, जे तुम्ही विचारलंत.

पहिलं काम : आमच्या वीजतंत्रीच्या सरांकडून क्लॅम्प मीटर मागून आणला आणि मशीनच्या केबलला लावला. डायल ११० दाखवत होतं, मीटर ९० च्या आसपास. सतरा वर्षं मी डायलवर विश्वास ठेवला होता. आता प्रत्येक मशीनवर खडूने लिहिलंय, डायल किती आणि खरा करंट किती, सकाळी किती आणि दुपारी किती. हे लिहायचं काम मुलं करतात, आठवड्यातून एकदा. (मॅडम, हे तुमच्याच खात्याचं काम आहे. तुमच्या संस्थेतल्या वेल्डिंगवाल्यांना एकदा मोजून द्या.)

दुसरं : अॅसिडची चाचणी मी आमच्याकडे करत नाही. धुराड्याची सोय नाही आणि मुलांच्या हातात नायट्रिक अॅसिड द्यायची माझी तयारी नाही. पण तिथेच फिलेट तोडायची चाचणी शिकवली होती. टी जोड एकाच बाजूने वेल्ड करायचा, व्हाइसमध्ये धरायचा आणि उभी पट्टी वेल्डच्या अंगाला वाकेल असा घण घालायचा. जोड मुळातून उघडतो. मूळ वितळलेलं नसेल तर पट्टीची कातरलेली सरळ कड चकचकीत दिसते, बोट फिरवलं तरी कळते. याला यंत्र लागत नाही, अॅसिड लागत नाही. भंगारातल्या पट्ट्या चालतात, त्या एमआयडीसीतला एक माजी विद्यार्थी देतो. दर शनिवारी प्रत्येक मुलगा आपला जॉब आपल्या हाताने तोडतो. सुरुवातीला मुलं नाराज होती. चांगला दिसणारा जॉब का तोडायचा, मार्क कशाचे देणार? पहिले दोन महिने जॉब बिघडलेही फार, करंट वाढवला तसे अंडरकट वाढले, पत्रे फुटले, रॉड जास्त लागले. स्टोअरकडून दोनदा विचारणा झाली. तोडलेले जोड टेबलावर मांडून दाखवल्यावर प्राचार्यांनी रॉडची मागणी मंजूर केली.

तिसरं, डेमो. आता पाच-पाचचे चार गट. प्रत्येकाला शील्ड मिळाल्याशिवाय आर्क पेटत नाही. आधी एकच गोष्ट सांगतो, "आज फक्त डबक्याची मागची कड बघा." आर्क चालू असताना मी गप्प. विझल्यावर मी सांगत नाही, त्यांना विचारतो काय दिसलं. केरळच्या एका सरांकडून घेतलेली गोष्टही करतो. मुलांना पडद्याआड पाठ करून बसवायचं आणि नुसता आवाज ऐकवायचा, आधी लांब आर्क, मग आखूड. नीट आर्कचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा येतो, लांबचा फुसफुसतो, अडखळतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलं न बघता एकमेकांना सांगतात, "आर्क लांब झाली तुझी."

आणि चौथं, जे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या हजेरीपटांवरून नावं काढली. ज्यांची शेड आहे, जे ट्रॉल्या बांधतात अशा नऊ जणांचा पत्ता लागला. रविवारी मोटरसायकलवर एकेकाकडे गेलो. पहिल्याच्या दारात पाच मिनिटं नुसता उभा होतो. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, बाळा, मी तुला एक गोष्ट चुकीची शिकवली, एक टी जोड मार बरं. त्याने मारला, आम्ही दोघांनी मिळून तोडला. मूळ सुटलेलं होतं. तो बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग शेडच्या मागे उभ्या असलेल्या एका ट्रॉलीचा ड्रॉबार त्याने ग्राइंडरने उकलला आणि माझ्यासमोर पुन्हा भरला, पहिला रन मुळाशी, त्यावर दोन. गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. नऊपैकी पाच जणांचे जोड कच्चे निघाले, चौघांनी कामातून आपोआप करंट वाढवला होता. आणखी दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही.

तुम्हाला माझं सांगणं इतकंच : मुलांसमोर तुम्ही जे रोज करता त्यातली एखादी गोष्ट तिथे जशीच्या तशी करून दाखवा आणि जाणत्या माणसाला म्हणा, यात काय चुकतंय ते शोधा. नवे ड्राईव्ह आज ना उद्या येतील. आपली चूक दाखवणारा माणूस तालुक्याला मिळत नाही, तिथे मिळतो.

वीजतंत्री_विदर्भ

सर, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. त्या पहिल्या दुकानाच्या दारात उभं राहणं किती अवघड गेलं असेल. मी नक्की तसंच करेन. मनात एक पक्कं केलंय : स्टार-डेल्टाचं पॅनल (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजवर नेणारं). तेच मी सगळ्यांत जास्त वेळा शिकवलंय. कारखान्यात काम करणारं कुणी इथे असेल तर सांगाल का, आमची मुलं तिथे कुठे अडतात?

मेंटेनन्स_चाकण

मॅडम, मी आयटीआयचाच, वीजतंत्री, १९९८ चा. सव्वीस वर्षं मेंटेनन्सला आहे आणि दरवर्षी शिकाऊ उमेदवार माझ्या हाताखाली येतात, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

मुलं जोडणी फार छान करतात. स्टार-डेल्टा डोळे मिटून जोडतील. स्टारमध्ये दर वाइंडिंगला ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४० व्होल्ट, लाईनचा करंट एक तृतीयांश, टॉर्कही एक तृतीयांश, सगळं पाठ. पण जोडलेलं पॅनल बंद पडलं की हात थांबतो. मग अंदाजाने कॉन्टॅक्टर (चुंबकाने ओढला जाणारा स्विच) बदलतात. ड्रॉइंग उघडत नाहीत. फॉल्ट शोधणं म्हणजे एका टोकाकडून मोजत जाणं, कुठवर व्होल्टेज येतंय आणि कुठून गायब होतंय. हे त्यांच्याकडून कुणी करून घेतलेलं नसतं, कारण आयटीआयमध्ये चालू पॅनल बनवलं की जॉब संपतो. त्यांना बंद पॅनल द्या.

स्टार आणि डेल्टाचं इंटरलॉक (एक लागलेला असताना दुसरा लागू न देणारी जोडणी) का असतं हे त्यांना वाक्यात येतं, पण दोन्ही एकदम ओढले गेले तर तिन्ही फेज थेट एकमेकांवर येतात हे डोळ्यांसमोर नसतं. मी एक जळालेला कॉन्टॅक्टर जपून ठेवलाय, नव्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी तोच देतो.

ड्राईव्ह एक असला तरी पुरतो. दोन गोष्टी घट्ट करून घ्या. सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ५८० व्होल्टच्या आसपास डीसी उरलेला असतो. झाकणावर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी थांबायचं आणि मग मोजून बघायचं. आणि मोटर मेगर करायची (इन्सुलेशन तपासायचं) तर मोटरची केबल ड्राईव्हपासून आधी सोडवायची. मागच्या वर्षी एका चांगल्या मुलाने केबल न सोडता ५०० व्होल्टचा मेगर लावला. ड्राईव्ह गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या दिवशी मीही सांगितलं नव्हतं.

वीजतंत्री_विदर्भ

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. जाऊन आले. ज्यांनी उत्तरं दिली त्या सगळ्यांना हे कळवायलाच हवं.

संध्याकाळी वर्कशॉप उघडं ठेवाल का, हे पहिल्याच दिवशी विचारलं. आम्ही पाच जण होतो, झारखंडच्या दोन मॅडम, गुजरातचे एक सर, तेलंगणाचे एक सर आणि मी. हो म्हणाले. रोज सात ते नऊ.

स्टार-डेल्टाचा पाठ घेतला. पण माझी चूक त्यात निघाली नाही, त्याच्याआधीच निघाली. सरांनी एक पॅनल दिलं आणि म्हणाले, मुलांना दाखवता तसं आधी सप्लाय बंद असल्याची खात्री करा. मी आयसोलेटर (सप्लाय तोडणारा स्विच) खाली केला, तिथे ठेवलेला मल्टिमीटर उचलला, तिन्ही फेज तपासल्या. शून्य, शून्य, शून्य. "बंद आहे," म्हणून मी टर्मिनलकडे हात नेला आणि सरांनी मनगट धरलं. त्यांनी दुसरा मीटर लावला. एका फेजवर पूर्ण सप्लाय होता. आयसोलेटरचा एक ब्लेड मुद्दाम अडकवून ठेवलेला आणि मला दिलेल्या मीटरची लीड आतून तुटलेली. मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघायचा, मग काम करायच्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. मुलांकडून एकदाही करून घेतलं नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही नाही.

संधाता सर, त्या रात्री तुमची आठवण आली. घरी व्हिडिओ कॉल केला, मुलगी झोपली होती. तिचा झोपलेला चेहरा बघत बसले. माझी कितीतरी मुलं आज खांबावर, रोहित्रांवर कामं करतात. परत आल्यावर जितके नंबर सापडले तितक्यांना फोन केले. एकसष्ट झाले आहेत. एकाने सांगितलं, "मॅडम, मी टेस्टर आधी लाईनीवर बघतोच, मला शॉक बसून कळलं." त्याच्यानंतर थोडा वेळ पुढचा फोन लावता आला नाही.

मायक्रो टीचिंगमध्ये हिंदी अडखळली तेव्हा मराठीत बोलले, आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता वर्गात : स्वतःच्या पैशाने वीस छोटी कुलुपं आणली, प्रत्येक मुलाचं आपलं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. आयसोलेटरला कुलूप लागल्याशिवाय पॅनलला हात नाही, आणि मीटर तीनदा. मेंटेनन्स सरांनी सांगितलं तसं सोमवारी चांगल्या चालणाऱ्या स्टार-डेल्टा पॅनलमध्ये मी तीन फॉल्ट टाकले. स्टार कॉन्टॅक्टरच्या एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टमध्ये कागदाची पट्टी. ओव्हरलोड रिलेच्या ९५ नंबरवरची तार सैल. तिसरा, एका लगमध्ये (तारेच्या टोकाला दाबायच्या धातूच्या टोपीत) तार सोलायच्या आधीच दाबलेली, त्यामुळे बाहेरून पक्की दिसते आणि आत तांबं टेकलेलंच नाही. पहिला फॉल्ट सापडायला पन्नास मिनिटं लागली, दुसरा वीस मिनिटांत. तिसरा दोन दिवस झाले, सापडलेला नाही. मी सांगितलेला नाही. काल जेवणाच्या सुट्टीत चार मुलींनी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने सबंध सर्किट काढलं आणि त्यावर चालत चालत एकेका बिंदूचं व्होल्टेज मोठ्याने म्हणत होत्या. आज त्यांनी विचारलंय, उद्या सकाळी साडेसातला दार उघडाल का.

आणि संधाता सर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या वेल्डिंगच्या सरांना वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत. दुपारी येऊन क्लॅम्प मीटर मागितला. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. डायल १२०, मीटर ९८. आज संध्याकाळी त्यांनी पाच जॉब बाजूला काढून ठेवलेत, उद्या तोडणार आहेत. काय निघतं ते कळवते.